चवथीआधी माळ्यावरच्या कॅसेटी: घरचे आवाज वाचवायची रीत

गोव्यातल्या जुन्या घरात कॅसेटींच्या जागा ठरलेल्या असतात. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, देवघराशेजारचे भिंतीतले कपाट, नाहीतर बंद पडलेल्या टू-इन-वनचे (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या मशीनचे) पोट, जिथे शेवटची लावलेली कॅसेट अजून तशीच असते. ढीग खाली आला की हात आधी नाट्यगीतांच्या आणि जुन्या सिनेमांच्या विकतच्या कॅसेटींकडे जातो. तो आवरा. त्यातले बहुतेक आज मोबाइलवर मिळते आणि तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ मिळते. बॉलपेनने लिहिलेली, किंवा चिठ्ठीच नसलेली कॅसेट आधी बाजूला काढा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्या, सप्ताहातले भजन, जत्रेच्या नाटकातला काकांचा प्रवेश, आखाती देशात गेलेल्या भावाला पाठवण्यासाठी भरलेले घरच्यांचे बोलणे, यांची जगात एकच प्रत आहे आणि ती तुमच्या हातात आहे.

रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी मधल्या ढिगात ठेवा. गाणे दुसरीकडे मिळेल, पण मध्येच आजीने घातलेली हाक मिळणार नाही. स्थानिक भजनी मंडळांनी थोड्याशा प्रती काढून विकलेल्या कॅसेटीही याच ढिगात.

वेळ डिसेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर गोव्यात कॅसेट उघडूसुद्धा नये. हवेतला ओलावा टेप पिऊन घेते आणि थर एकमेकांना चिकटतात. उन्हाळा लागण्याआधी उतरवून घ्या, पावसाळ्यात कॉम्प्युटरवरचे काम करा, आणि चवथीला सगळे मूळ घरी जमले की ऐकवा. ती तारीख डोळ्यांपुढे नसली तर हे काम होत नाही. ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते.

लावायच्या आधी

कॅसेटच्या मागच्या कडेला, दोन टोकांना, प्लास्टिकची दोन छोटी पाने असतात. असली तर पहिल्यांदा ती मोडा. पाने मोडलेली असली की रेकॉर्डचे बटण दाबले जात नाही. घरात मुले असोत वा नसोत, हे आधी.

मग खिडकीतून उजेडात बघा. गुंडाळलेल्या टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत ठेवा, हाताळताना नाकाला मास्क लावा. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत दहा-पंधरा दिवस राहू द्या. दहा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम पुरते. उन्हात ठेवायचा, हेअर ड्रायर फिरवायचा किंवा तांदळाच्या पिंपात पुरायचा मोह होईल. उन्हाने कवच वाकते, आणि तांदळाची पूड आत जाते. सुकल्यावर कोरड्या मऊ कापडाच्या घडीतून टेप पेन्सिलीने हळूहळू फिरवत एकदा या टोकाकडून त्या टोकाला न्या, कापडाची जागा बदलत. एका बाजूला अर्धा तास लागतो. घाईने फास्ट फॉरवर्ड केले तर चिकटलेला थर उचकटतो आणि त्यासोबत आवाजही जातो.

कॅसेटच्या उघड्या तोंडाशी, मधोमध, टेपच्या मागे, पितळेच्या पट्टीवर लोकरीचा छोटा चौकोन असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. दमट हवेत त्याचा गोंद सुटतो आणि चौकोन खाली पडतो, कधी कवचातच खुळखुळतो. मग आवाज मंद होतो, झांज येते-जाते, आणि लोक म्हणतात ‘कॅसेट गेली’. गेलेली नसते. एखाद्या टाकाऊ कॅसेटमधली पट्टी चौकोनासकट चिमट्याने काढून इथे बसवा.

कवच पाच बारीक स्क्रूंचे असेल तर उघडायला सोपे. कॅसेट टेबलावर सपाट ठेवा, खाली पांढरे कापड अंथरा, पंखा बंद करा. वरचा भाग सरळ वर उचला. खालच्या भागात दोन चकत्या, त्यांच्याखाली गुळगुळीत कागद, कोपऱ्यांत दोन छोटी चाके. सगळे कसे आहे त्याचा फोटो आधी काढा, मगच हात लावा. स्क्रू नसलेले, चिकटवलेले कवच असेल तर सांध्यातून पातळ सुरी हलकेच फिरवून फोडावे लागते. ते कवच पुन्हा कामाचे राहत नाही, म्हणून स्क्रूचे रिकामे कवच तयार ठेवा.

टेप तुटली असेल तर दोन्ही टोके एकावर एक ठेवून नव्या ब्लेडने तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा आणि मागच्या बाजूने जोडपट्टी लावा. कॅसेटच्या तोंडाशी बाहेर, म्हणजे हेडकडे, बघते ती आवाजाची बाजू. पट्टी तिच्या उलट बाजूला. घरातली सेलोटेप वापरू नका. तिचा गोंद वर्षभरात कडेने पाझरतो आणि पुढची दोन-तीन वेटोळी चिकटवून टाकतो. टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते, पट्टी तिच्याहून किंचित अरुंद हवी.

मशीन

सध्या बाजारात मिळणारे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर या कामाला घेऊ नका. त्यांचा वेग डोलतो, आणि पेटीचा लांब स्वर लावला की ते लगेच कानाला कळते. जुना चांगला डेक कोणाकडून तरी मागून आणा आणि दुरुस्तीवाल्याकडून त्याचे रबरी पट्टे बदलून घ्या. गोव्याच्या हवेत पट्टा एकतर सैल पडतो, नाहीतर डांबरासारखा विरघळून पुलीवर बसतो. हेड, धातूचा बारीक फिरता दांडा आणि रबरी चाक ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दवाखान्यातले पाणी मिसळलेले स्पिरिट नको. रबराला अल्कोहोल जेमतेम लावा, नाहीतर ते कडक होते. कापसाची काडी पहिल्यांदा तपकिरी निघते. पांढरी निघेपर्यंत पुसत राहा, आणि दर तीन-चार कॅसेटींनंतर पुन्हा.

ज्या टू-इन-वनवर मूळ भरले तोच चालू असेल तर आणखी चांगले. त्याचे हेड जितके तिरके तितकेच रेकॉर्डिंग तिरके, म्हणून तिथे झांज खणखणीत येते. दुसऱ्या डेकवर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू पावपाव फेरा फिरवत ऐका. झांज आणि ‘स’, ‘श’ जिथे सगळ्यांत स्पष्ट, तिथे थांबा. आधीच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, म्हणजे परत येता येते. डॉल्बीचे, म्हणजे डेकवरच्या खरखर कमी करण्याच्या सोयीचे, बटण बंदच. घरच्या टू-इन-वनवर भरताना डॉल्बी नव्हतीच.

डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून तार यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या डबीला), तिथून लॅपटॉपला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातले तर आवाज फाटतो. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरते. त्यात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची घ्या. सर्वांत मोठा आवाज वजा सहा डेसिबलपाशी राहील अशी पातळी ठेवा. आरतीला घुमट (कातडे चढवलेले मातीचे वाद्य), शामेळ (ढोलासारखे वाद्य) आणि कासाळे (झांज) एकदम सुरू होतात, म्हणून पातळी आरतीच्या तुकड्यावर ठरवा, गणपतीपुढच्या गप्पांवर नको. तासाभराची सी-६० सुमारे एक जीबी होते. एक बाजू पूर्ण, मध्ये न थांबवता घ्या. रिकामी वाटणारी शेवटची दहा मिनिटेही. बऱ्याचदा तिथेच कोणीतरी मशीन बंद करायला विसरलेले असते.

घरचे रेकॉर्डिंग बहुधा मोनो असते. दोन्ही चॅनेल एकत्र करू नका. हेड जरा जरी तिरके असेल तर बेरजेत तीव्र आवाज कापला जातो. जो चॅनेल चांगला तोच ठेवा.

वेग, आणि पेटीची साक्ष

इथे बहुतेक जण चुकतात, कारण चूक कानाला ‘जुना आवाज’ म्हणून गोड वाटते. आजोबांचा आवाज पातळ, घाईत बोलल्यासारखा येत असेल तर आजोबा तसे बोलत नसत. रेकॉर्डिंग करताना सेल उतरलेले होते. सेल उतरले की टेप हळू सरकते. तीच टेप आज ठरलेल्या वेगाने, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने, फिरवली की सगळे घाईत आणि वरच्या स्वरात येते. भजन तासभर चालले तर सुरुवात बरोबर आणि शेवट अर्ध्या स्वराने चढलेला, असेही होते.

सुधारण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग घरातच असतो: ती पेटी. ज्या पेटीवर भजन झाले ती अजून असेल तर मोबाइलवर ट्यूनर उघडा आणि बाबा ज्या पट्टीत गायचे ती पट्टी दाबा. काळी एक साधारण २७७ हर्ट्झला येते. आता कॅसेटमध्ये पेटीचा षड्ज एकटा ऐकू येतो असा तुकडा शोधा, बहुधा अभंगाआधी पेटीवाला सूर धरतो तेव्हा. तिथे २९० आले तर २७७ भागिले २९०, म्हणजे ०.९५५, वेग साडेचार टक्क्यांनी कमी करा. वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा, फक्त स्वर बदलणारा नको. मात्र २९० हे पांढरी दोनच्याही जवळ आहे, त्यामुळे ट्यूनर एकट्याने सांगू शकत नाही. ‘भाऊ कायम काळी एकमध्येच’ असे सांगणारा माणूस लागतो. चढत जाणाऱ्या रेकॉर्डिंगला अभंग संपतो तिथे कापून प्रत्येक तुकड्याचा वेगळा हिशेब करा.

पेटी नसेल आणि मशीन विजेवर चालले असेल तर मागे बारीक गुणगुण असते, ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची. शांत तुकड्याचा, कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे ते दाखवणारा, आलेख सॉफ्टवेअरमध्ये काढला आणि टेकडी ५२ वर दिसली, तर ५० भागिले ५२. दोन गोष्टी सांभाळा. तुमच्या आजच्या डेकचीही गुणगुण ५० वर उमटते, तेव्हा टेप थांबवून आधी ती ओळखा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दुसरे, त्या काळी विजेची वारंवारता नेमकी ५० वर टिकत नसे, म्हणून हा हिशेब एक-दोन टक्क्यांनी चुकू शकतो. पेटीचा चुकत नाही.

कधी गुणगुण मध्येच एकदम थांबते आणि कोणीतरी ‘लायट गेली’ म्हणते. तिथे खूण करा. तिथून पुढे मशीन सेलवर आहे, वेगाचा हिशेब बदलतो.

खरखर काढण्याबद्दल थोडकेच. कच्ची फाइल जशीच्या तशी ठेवा आणि प्रतीवर काम करा. खरखर सहा ते आठ डेसिबलने कमी केली की पुरे. जास्त केली की माणसे पाण्याखालून गायल्यासारखी येतात. खालचे स्वर सरसकट कापू नका, त्यात घुमट जातो. गुणगुण काढायची तर ५०, १०० आणि १५० वर अरुंद चिरा द्या, म्हणजे तेवढीच वारंवारता कमी करा. जुन्या कॅसेटमधले घुमट घोरपडीच्या कातड्याचेही असेल. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे चढवतात. तो घुमारा आज नव्याने भरून घेता येणार नाही, म्हणून तिथे सॉफ्टवेअरला हात आखडता. गजर वाढला की मागचे सगळे दबते आणि थांबला की पावसाचा आवाज फुगून वर येतो. टू-इन-वन पातळी आपोआप सांभाळायचा त्याचा तो परिणाम. तो राहू द्या.

कान देऊन तारीख काढणे

चिठ्ठीवर ‘चवथ’ एवढेच असते, साल नसते. साल मागच्या आवाजांत असते. मंगळुरी कौलांवरचा पाऊस सॉफ्टवेअरला कचरा वाटतो, पण तो ऋतू सांगतो. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वेळ सांगतो, सकाळ किंवा संध्याकाळ. ‘कदंब’ बसचा विषय निघाला तर १९८० नंतरचे. पेडणे, थिवी, करमळीच्या बाजूला आगगाडीची शिट्टी ऐकू आली तर कोकण रेल्वेनंतरचे, म्हणजे १९९०च्या दशकाच्या अखेरचे किंवा पुढचे; मडगाव, सावर्डे, कुळे, वास्कोला हा पुरावा चालत नाही, तिथे पोर्तुगीज काळापासून गाडी आहे. पाहुणा उशिरा का आला हे सांगताना ‘पूल पडला’ म्हणत असेल तर मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ला कोसळला, त्यानंतरच्या फेरीच्या रांगांची ती कहाणी. रेडिओच्या बातम्यांत गोवा केंद्रशासित असेल तर ३० मे १९८७ आधीचे. आणि कोणाचे बाळ रडते आहे हे कळले की आणखी काही लागत नाही; त्याचा जन्मदाखला घरात असतो.

ही नोंद वडीलधाऱ्यांसोबत बसूनच होते. इथे वेळ घाला. एका बैठकीला वीस मिनिटे, जास्त नको. इअरफोन देऊ नका. स्पीकर जवळ ठेवा, आवाज मध्यम. तुमचा मोबाइल त्यांच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग करत बाजूला पडलेला असू द्या. ‘हा कोण?’ असे विचारले की ‘कोण जाणे’ असे उत्तर येते. ‘मुख्य कोण गातो, झील (मागची साथ) कोण धरतो, पेटी कोणाची, मखर कुठल्या खोलीत होते, राजांगणात (मधल्या चौकात) की लोट्यावर (ओसरीवर)?’ असे विचारा. जागा आठवली की माणसे आठवतात. माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीला) त्या वर्षी काय होते, कोणत्या वहिनींनी पातोळ्या केल्या, यावरून साल पकडता येते. नाव नोंदवताना नुसते ‘शांतारामकाका’ लिहू नका. प्रत्येक घरात एक शांतारामकाका असतो. घराचे नाव आणि वाडा जोडा, आणि मिनिट-सेकंद लिहा: ‘१२.४०, खालच्या वाड्यावरची आत्या, मागून बोलते’. गेलेल्या माणसाचा आवाज अचानक लावू नका. आधी सांगा, आणि नको म्हटले तर थांबा.

जागाच उरलेली नसेल तर तीही नोंदवा. सांगे तालुक्यातली कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली. मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा सोमेश्वराचे देऊळ आणि घरांची जोती वर येतात. तिथल्या घरातली कॅसेट तुमच्याकडे असेल तर मेच्या उत्तरार्धात, पाऊस लागण्याआधी, जुन्या माणसांना घेऊन सकाळी जा आणि कुठल्या जोत्यावर ते भजन झाले ते उभे राहून दाखवायला सांगा. मोबाइलवर त्या जागेचे ठिकाण जतन करा. पायाखालचा सुकलेला गाळ वरून कडक आणि आत मऊ असतो, काठी न्या.

ठेवणे आणि वाटणे

फाइलचे नाव साल, महिना, प्रसंग, गाव, बाजू या क्रमाने द्या: ‘१९८८-०९-चवथ-म्हार्दोळ-बाजू-अ’. साल नक्की नसेल तर ‘१९८६ नंतर’ लिहा, अंदाज ठोकून देऊ नका. तीन प्रती हव्यात: एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक गोव्याबाहेरच्या नातेवाइकाकडे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवताना एमपी३ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पंचेचाळीस मिनिटांची बाजू कोणी ऐकत नाही. चवथीच्या रात्री लावायला पाच-सहा मिनिटांचे तीन तुकडे काढा, त्यात एक तरी हसण्याचा असू द्या. बाहेर कुठे चढवायचे असेल तर गाणाऱ्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारा.

मूळ कॅसेटी टाकू नका. पुढेमागे आणखी चांगले मशीन मिळेल. एका टोकापर्यंत गुंडाळून, उभ्या, हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की जेवणाला न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने कॅसेटचे प्लास्टिक मऊ पडते. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागलेले कपाट आणि स्पीकरचा शेजार टाळा. टू-इन-वनही कोरड्या जागी ठेवा. आतले सेल मात्र काढून ठेवा; ते पाझरले की खालच्या स्प्रिंगा हिरव्या होतात.